तीन कण्हण्यांची परवानगी

आमच्या धुळ्याच्या कॉलनीतले लोक थंडीत कुठे ना कुठे जाऊन येतात. कोणी अंदमान, कोणी काश्मीर. आल्यावर मोबाइल टीव्हीला जोडतात, आम्हाला चहाला बोलावतात आणि बर्फात उभ्या असलेल्या त्याच त्या काकूंचे फोटो तासभर दाखवतात. मी यंदा चोपड्याच्या पुढे सातपुड्यात जाऊन मांडीचं हाड मोडून घेऊन आलो. माझ्याकडे फोटो एकच आहे आणि तो टीव्हीवर लावण्यासारखा नाही, कारण त्यात माझी पँट अर्धीच आहे.

हाड खोटं मोडलं होतं. पँट मात्र खरी कापली.

आमची मुलगी प्राजू पुण्याला डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणाला आहे. विषय इमर्जन्सी मेडिसिन, शेवटचं वर्ष. नातेवाइकांना मी सोपं करून सांगतो, ‘ती कॅज्युअल्टीत असते.’ त्यावर समोरचा ‘अरेरे, कधीपासून?’ म्हणतो. अशा विषयाचा मुलीच्या बापाला काय उपयोग, तुम्हीच सांगा. ना स्वतःचं हॉस्पिटल, ना दारावर पाटी. ती एमबीबीएसला लागली त्याच वर्षी मी जळगावात एक प्लॉट घेऊन ठेवला होता. प्रसूतिगृहाची पाटीसुद्धा मनात रंगवून तयार होती, ‘डॉ. सौ. प्राजक्ता’, आणि आडनावाची जागा मी मोठ्या मनाने मोकळी सोडली होती. सध्या त्या प्लॉटवर शेजारचे लोक कचरा टाकतात.

दिवाळीत यावरून घरात वाजलं. फराळाच्या ताटावर मी पाटीचा विषय काढला, माझ्या बायकोने, मंदाने, नेहमीप्रमाणे डोळे मोठे केले, आणि प्राजू हातातली करंजी ठेवून म्हणाली, “पप्पा, तुम्ही मला एकदा काम करताना बघा. डोळ्यांनी बघा. मग सांगा. त्यानंतरही पाटीच हवी असेल तर मी येते जळगावला. शब्द देते.”

ती शब्द देते तेव्हा पाळते. हा गुण आईकडून आलेला आहे. मी लगेच कंत्राटदाराला फोन करून संक्रांतीनंतर पाया खणायला यायला सांगितलं. हा गुण माझ्याकडचा.

बघायची संधी अशी आली की, या शिकाऊ डॉक्टरांची सातपुड्यात एक शर्यत होती. तीन-तीन डॉक्टरांची टीम. नकाशा घेऊन डोंगरातून पळायचं, वाटेत ठरलेल्या टप्प्यांवर जखमी माणसं पडलेली असतील, त्यांच्यावर उपचार करायचे, गुण मिळवायचे. जखमी होण्यासाठी जळगावचे काही विद्यार्थी ठरले होते, पण त्यांची परीक्षा आली. जखमींचा तुटवडा पडला.

“पप्पा, नुसतं आडवं पडायचंय,” प्राजू फोनवर म्हणाली. “ते तुम्हाला येतं.”

चोपड्याच्या पुढे

मंदाने बरोबर दिलेला डबा दोघांनी उचलावा लागेल असा होता. भरीत, कळण्याच्या पुऱ्या, ठेचा, वर केळीची एक फणी. आमचं मूळ गाव असोदा. तिथला माणूस शेजारच्या गल्लीत निघाला तरी केळी घेऊन निघतो, कारण वाटेत दुष्काळ पडला तर काय घ्या. कॅम्पवर पोचलो तर तिथल्या डॉक्टर मंडळींकडे खायला चकचकीत कागदातल्या वड्या होत्या. एक चाखून पाहिली. गुरांच्या सरकीच्या ढेपेला साखर लावली तर साधारण अशी लागेल. तासाभरात माझ्या डब्याभोवती सहा डॉक्टर बसले होते आणि ठेच्याने त्यातल्या दोघांवर तातडीचे उपचार करायची वेळ आली होती.

जागा सुंदर होती. मागे सातपुड्याच्या रांगा, सागाची पानगळ, खाली कपाशीचे आणि केळीचे पट्टे. आयोजकांच्या बॅनरवर या जागेचं नाव ‘दुर्गम वन्यप्रदेश’ असं होतं. बॅनरच्या बांबूला शेजारच्या घरची शेळी बांधलेली होती, आणि पलीकडे एक बाई शांतपणे अंगण सारवत होती. आपण दुर्गम वन्यप्रदेशात राहतो हे तिला कोणी सांगितलेलं दिसलं नाही.

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. नारळ फुटला, हार झाले, शाली झाल्या, आणि मग पाहुण्यांनी अपघातानंतरचा पहिला तास किती मोलाचा असतो यावर पाऊण तास भाषण केलं. उन्हात उभे असलेले शिकाऊ डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. मी मागे बसून टाळ्या वाजवल्या. सरकारी नोकरीत माझी तीस वर्षं गेली आहेत, टाळ्या कुठे वाजवायच्या ते मला कळतं.

मग आम्हा जखमींचा वर्ग झाला. घेणारे डॉक्टर मुंबईचे. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, अंगातल्या जाकिटाला बावीस खिसे. त्यांना मी मनात शिट्टीवाले सर म्हणू लागलो.

“तुम्ही कड्यावरून पडला आहात,” ते मला म्हणाले. “मांडीचं हाड मोडलंय, पोटात रक्तस्राव आहे. अर्धवट शुद्धीत. बोलायचं नाही. प्रत्येक टीमपुढे तीनदा कण्हू शकता.”

“चौथ्यांदा दुखलं तर?”

“तीनदा.” ते पुढे म्हणाले, “आणि खऱ्या अपघातात गर्दी जमते. आम्ही काही गावकऱ्यांना गर्दी करायला सांगितलंय. ते येतील, गोंधळ घालतील. काही झालं तरी भूमिका सोडायची नाही. कोणी ओळखीचं डॉक्टर असलं आणि तुम्ही बोललात, तर त्या टीमचे गुण शून्य.”

हे ते माझ्याकडे बघून म्हणाले. प्राजूने माझ्याबद्दल आधीच सांगून ठेवलं असावं. संध्याकाळी मंदाला फोनवर हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, “तीन कण्हण्यांत? तुमचं साध्या सर्दीत भागत नाही.”

टप्पा क्रमांक तीन

सकाळी एका मुलीने माझं रक्त तयार केलं. मक्याचं पीठ, साखरेचा पाक आणि खायचा लाल रंग. कपाळावर, मांडीवर, शर्टावर हात सैल सोडून ओतलं. मग गळ्यात एक कार्ड अडकवलं. नाडी एकशे तीस, रक्तदाब ऐंशी, श्वास इतके, त्वचा थंड. डॉक्टरांनी तपासलं की हे आकडे वाचायचे, कारण माझी खरी नाडी ठेचा-पुरी खाल्लेल्या माणसाची होती.

पायवाटेच्या कडेला एका खडकाखाली मला नीट वाकडं करून झोपवलं. परीक्षक शिट्टीवाले सर स्वतः. सहा टीम अर्ध्या अर्ध्या तासाने यायच्या होत्या. प्राजूची तिसरी.

पहिली टीम आली ती धापा टाकत. एकाने माझं डोकं धरलं, एकाने कार्ड वाचलं आणि तिसऱ्याने मी ‘अहो’ म्हणायच्या आत कात्री काढून पँट कमरेपासून गुडघ्यापर्यंत कापली. मेहुण्याच्या लग्नात शिवलेली पँट. मी लगोलग तिन्ही कण्हणी वापरून टाकली. सरांनी वहीत काहीतरी चांगलं लिहिलेलं दिसलं.

दुसऱ्या टीमने मला फळीला बांधलं आणि मग आधी हाड की आधी पोट यावर त्यांचं भांडण लागलं. एकाचं म्हणणं एका पुस्तकातलं, दुसऱ्याचं दुसऱ्या. मधल्या मधे माझ्या नाकावर मुंगी चढली. साखरेच्या पाकाचा हा दुष्परिणाम कोणत्याच पुस्तकात नव्हता.

ते गेल्यावर सर म्हणाले, “जरा वर जाऊन रेंज बघून येतो. पुढच्या टीमला वेळ आहे. तुम्ही छान मरताय.”

मी डोळे मिटले. आता प्राजू येणार होती. तिला मी सायकल शिकताना पाहिलं होतं, स्टेजवर बक्षीस घेताना पाहिलं होतं, पण डॉक्टर म्हणून कधीच नाही. ती उगाच घाबरली तर? त्या दोघांसारखी भांडत बसली तर? आणि एक कबूल करतो, तशी ती भांडत बसली तर पाया खणायला बरं, असंही मनात येऊन गेलं.

पावलं वाजली. पण ती बुटांची नव्हती.

झोळीत

“हाऊ कोन पडेल शे?” बाईचा आवाज.

“जित्ता शे का?” एक म्हातारा आवाज.

मी ओळखलं, गर्दी आली. सरांनी सांगितलेले गावकरी. आता गोंधळ घालतील. मी भूमिकेला धरून पहिलं कण्हणं काढलं, चांगलं पोटातून.

“जित्ता शे! कन्ही राहिना.”

कोणीतरी गळ्यातलं कार्ड उचललं. “आरे, बीपी ऐंशी शे,” बाई म्हणाली. “नाडी एकशे तीस. डॉक्टरनी चिठ्ठी लायेल शे.”

“मंग डॉक्टर कोठे गया?”

“चिठ्ठी लाईसन गया. डॉक्टर लोके असंच करतस.”

हे ती रागाने म्हणाली असती तर मला नाटक वाटलं असतं. ती ‘आज बाजार आहे’ म्हणावं तितक्या साधेपणाने म्हणाली. तरीही मला शंका आली नाही. उलट गर्दीचं काम फार नैसर्गिक चाललंय असंच वाटलं, आणि मी दुसरं कण्हणं देऊन टाकलं.

त्यांनी भराभर बांबू तोडला, कोणाची तरी गोधडी दोन्ही टोकांना गाठ मारून बांधली आणि चौघांनी मला उचलून त्या झोळीत टाकलं. माझं वजन ब्याण्णव किलो.

“काय खास भो हाऊ?” म्हणजे हा खातो तरी काय, असं मागून कोणीतरी विचारलं.

झोळी निघाली. मला वाटलं, चार पावलं नेऊन परत ठेवतील. पाचशे पावलं झाली. मी एक डोळा उघडला. वर सागाच्या फांद्या सरकत होत्या, पुढे पागोट्यातला म्हातारा खांद्यावर बांबू घेऊन जवळजवळ पळत होता, बाजूला माझं कार्ड हातात धरलेली बाई. तिच्या खांद्याला औषधाची पिशवी. गर्दी नव्हती. एकूण पाच माणसं होती आणि कोणीच गोंधळ घालत नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

“अहो ताई,” मी उठायचा प्रयत्न करत म्हणालो, “मी बरा आहे. काही झालेलं नाही. हे नाटक आहे.”

“बोली राहिना!” मागचा ओरडला.

“पडी राहा भाऊ,” बाई म्हणाली. “बठ्ठा असंच म्हनतस. डोक्याले मार लागना म्हनजे मानूस असंच बोलस.”

“अहो, हे रक्त साखरेचं आहे!”

बाईने म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हाताऱ्याने मान हलवली, माझी अवस्था त्याच्या लक्षात आली होती. त्यांनी झोळी टेकवली, पागोटं सोडून मला छातीवरून एक वेढा घातला आणि आधीपेक्षा वेगाने निघाले. मी जितकं शहाण्यासारखं बोलत होतो तितकी त्यांची काळजी वाढत होती. शेवटी मी गप्प राहिलो. दोन दिवसांत मला कोणी इतक्या मनापासून गप्प करू शकलं नव्हतं.

चालता चालता बाई, म्हणजे सुमनताई, मला धीर देत होत्या. त्या तिथल्या आशा कार्यकर्त्या. माहेर खालच्या गावाचं, म्हणून बोलणं अहिराणी. उचलणारे चौघे वरच्या पाड्यातले पावरा आदिवासी शेतकरी, आपसात पावरी बोलायचे, ताईंशी अहिराणी. सगळे बाजाराला निघाले होते. आरोग्य केंद्र नाल्यापलीकडे, गाडी डांबरी रस्त्याच्या अलीकडे येत नाही. गेल्याच आठवड्यात त्यांनी याच गोधडीतून एक बाळंतीण नेली होती. “ती हलकी व्हती,” सुमनताई म्हणाल्या.

म्हणजे ज्याच्यासाठी मुंबईहून बावीस खिसे आले होते, बॅनर लागलं होतं आणि गुण मिळत होते, ते या बाई चपला घालून बाजाराच्या वाटेवर करत होत्या. शालीसुद्धा न घेता.

मी शरमेने तिसरं कण्हणं सोडलं. ते खरं होतं.

नाला

नाल्यात पाणी घोट्याएवढंच होतं, पण दगड शेवाळलेले. पुढचा म्हातारा, खुमान नाना, दुसऱ्या दगडावर घसरला. त्याने बांबू सोडला नाही. सोडला असता तर हाताने सावरला असता आणि मी पाण्यात गेलो असतो. त्याने माझा बांबू वर धरून ठेवला आणि स्वतःचा दुसरा हात धारदार खडकावर आपटला.

झोळी कशीबशी काठाला आली. मी वेढ्यातून सुटून उठलो, अर्ध्या पँटवर. खुमान नाना पाण्यात बसला होता आणि त्याच्या कोपराखालून रक्त ठोक्याठोक्याने उडत होतं. मी धावत जाऊन हात धरला. माझ्या शर्टावरचं रक्त सकाळपासून गार आणि चिकट होतं. हे गरम होतं. माझ्या बोटांतून निघून जात होतं आणि मला काय करायचं ते माहीत नव्हतं.

“सोडा पप्पा. बाजूला व्हा.”

प्राजू होती. मागे तिचे दोघे सोबती. नंतर कळलं ते असं : टप्प्यावर पोचले तर पेशंटच नाही. शिट्टीवाले सर घामाघूम. म्हणाले, तुम्ही पुढे जा, तुम्हाला सरासरी गुण देऊ. प्राजू म्हणाली, “सर, पेशंट हरवलाय आणि आम्ही पुढे कसे जाऊ?” वाटेवर माझ्या पाकाचे लाल थेंब आणि त्यावर मुंग्या लागल्या होत्या. त्या मुंग्यांच्या मागे ती तिघं पळत आली.

पण तेव्हा मला ती फक्त गुडघ्यावर पाण्यात बसलेली दिसली. तिने माझ्याकडे परत पाहिलं नाही. पिशवीतून जाळीच्या कापडाची घडी काढली, जखमेत दाबली, दोन्ही तळव्यांनी अंगाचा भार दिला आणि आवाज अजिबात न चढवता म्हणाली, “नाना, माझ्याकडे बघा. नाव काय तुमचं? बाजारात काय घेणार होता?”

“मिरची,” नाना म्हणाला.

“किती?”

एका सोबत्याला तिने पाय उचलून धरायला सांगितलं, दुसऱ्याला गाडीला फोन करायला उंचावर पिटाळलं. मग सुमनताईंच्या पिशवीकडे बघून म्हणाली, “ताई, तुमचा हात इथे. माझ्या हातावर. आता मी काढते, तुम्ही दाबून धरा. सोडायचं नाही.”

“नही सोडत,” सुमनताई म्हणाल्या.

दोघींचे हात बदलले. एकमेकींना कधी न पाहिलेल्या बायकांनी एकत्र पापड लाटावेत तसे. प्राजूने वरून घट्ट पट्टी गुंडाळली, नानाला बोटं हलवायला लावली, बोटांना हात लावून विचारलं, नखांचा रंग बघितला. माझ्या गळ्यातला मफलर न विचारता ओढून घेतला आणि त्याची हात अडकवायची झोळी केली. रक्त थांबलं होतं. मी घड्याळ बघायचं विसरलो, पण उद्घाटनाच्या एका हाराला लागला त्यापेक्षा कमी वेळ लागला असावा.

“आता झोळी,” ती म्हणाली. “नानाला.”

“चौथा मानूस कोन?” सुमनताईंनी विचारलं. नाना तर आत होता.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून गंभीर जखमी असलेल्या ब्याण्णव किलोंनी बांबू खांद्यावर घेतला. “हाऊ तं बरा व्हई गया!” मागचा म्हणाला आणि नालाभर हसू झालं, नानासुद्धा हसला. पुढचे दोन किलोमीटर मी तसाच चाललो, एक पाय उघडा, कपाळावर मुंग्या. खांद्याची साल निघाली. कण्हलो नाही, परवानगी संपली होती.

निघताना प्राजूने सुमनताईंकडून माझं कार्ड घेतलं होतं. मागच्या कोऱ्या बाजूला नानाची खरी नाडी, दाब आणि पट्टी बांधल्याची वेळ लिहिली आणि ते त्याच्या शर्टाला लावलं. तिचे सोबती म्हणाले, आता ताई आहेत, केंद्र जवळ आहे, आपण शर्यतीत परत गेलो तर अजून दोन टप्पे मिळतील.

“तुम्ही जा,” प्राजू म्हणाली आणि झोळीच्या बाजूने चालू लागली, नानाच्या मनगटावर बोटं ठेवून. मग ते दोघेही आले.

आरोग्य केंद्रापासून गाडीने चोपड्याला नेलं, तिथे टाके पडले. टाके पडेपर्यंत ती दारात उभी होती. आम्ही निघालो तेव्हा सुमनताई खुमान नानाच्या बायकोला फोनवर सगळं सांगत होत्या. मधेच प्राजूकडे बघून म्हणाल्या, “हाई चिठ्ठी लाईसन गई नही. संगे उनी.” उनी म्हणजे आली.

मी तिथे एका बाकावर जाऊन बसलो आणि उगाच बुटाची नाडी बांधत राहिलो.

धुळे

बक्षीस समारंभात प्राजूची टीम सहापैकी सहावी आली. त्यांच्या कागदावर शेरा होता, ‘टप्पा तीन : रुग्ण हरवला. टप्पा चार, पाच : अनुपस्थित.’ पाहुणे पुन्हा आले होते, वेळेवर, कारण जेवण होतं. प्राजूने सहाव्या नंबरचं प्रमाणपत्र घेतलं, माझ्या शेजारी येऊन बसली आणि डब्यातली उरलेली पुरी खाल्ली. पाटीबद्दल काही विचारलं नाही. मी उरलेला ठेचा तिच्याकडे सरकवला.

घरी मंदाने पँट पाहिली, खांदा पाहिला, हळद लावली. सगळं ऐकून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, “मफलर कुठाय?”

“नानाकडे.”

“बरं झालं. मिरची मागवा त्यांच्याकडून.”

संक्रांत झाली आणि ठरल्याप्रमाणे कंत्राटदाराचा फोन आला, पाया कधी खणायचा. मी त्याला नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, भाऊ, पण पाटीवाल्याला मी आगाऊ बोलून ठेवलंय.

म्हटलं, पाटी घेतो. मागच्या रविवारी जळगावला जाऊन मी स्वतःच्या हाताने ती प्लॉटवर ठोकली, फोटो काढला आणि प्राजूला पाठवला. चांगली मोठी आहे, रस्त्यावरून वाचता येते : ‘येथे कचरा टाकू नये.’